सिद्धतेसाठी वीस मिनिटं

शाळेचं वेळापत्रक ज्यांच्या गळ्यात पडतं त्या शिक्षकांना विचारा. जून तोंडावर आलेला असतो. समोर चौकटींचा मोठा कागद, हातात पेन्सिल आणि खोडरबर. विज्ञानाच्या बाई एकाच तासाला दोन वर्गांवर असू शकत नाहीत, प्रयोगशाळा एकच, मैदान एकच, संगीताचे सर आठवड्यातून दोनच दिवस येणार. एक चौकट हलवली की तीन ठिकाणी अडतं. आठ-दहा दिवस यात सहज जातात. पण तयार झालेलं वेळापत्रक बिनचूक आहे का, हे बघायला शाळेच्या ऑफिसातल्या कोणालाही बसवा, तासाभरात सांगेल.

जुळवायला कठीण, तपासायला सोपं. हा फरक मुळातलाच आहे, की जुळवण्याचीही एखादी झटपट रीत असते आणि ती अजून कोणाला सुचलेली नाही? या प्रश्नाचं उत्तर आज जगात कोणापाशीही नाही. अमेरिकेतल्या क्ले मॅथेमॅटिक्स इन्स्टिट्यूटने 2000 साली त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं, ते अजून कोणी नेलेलं नाही.

या प्रश्नाला नेमकं रूप मिळालं मे 1971 मध्ये, ओहायो राज्यातल्या शेकर हाइट्स या गावी. तिथे भरलेल्या परिषदेत स्टीफन कुक यांनी दाखवलं, की ज्या ज्या प्रश्नाचं उत्तर झटपट तपासता येतं, तो प्रत्येक प्रश्न तर्कशास्त्रातल्या एकाच प्रश्नाच्या रूपात मांडता येतो. तेवढा एक झटपट सुटला, तर बाकीचे सगळे सुटले. सोव्हिएत रशियात लिओनिद लेविन स्वतंत्रपणे याच निष्कर्षावर पोचले होते. पुढच्या वर्षी रिचर्ड कार्प यांनी निरनिराळ्या क्षेत्रांतले 21 प्रश्न एका माळेत ओवून दाखवले, आणि मग माळ वाढतच गेली. वेळापत्रकही तिच्यातच आलं.

शेकर हाइट्सच्या त्या परिषदेचं नाव ‘सिम्पोझियम ऑन थिअरी ऑफ कम्प्युटिंग’. या क्षेत्रातले लोक तिला ‘स्टॉक’ म्हणतात. पहिली 1969 साली कॅलिफोर्नियात मरीना डेल रे इथे भरली, आणि तेव्हापासून ती दरवर्षी भरते. तिची थोरली बहीण ‘फॉक्स’, तिचं मूळ 1960 सालचं. सैद्धांतिक संगणकशास्त्राचा इतिहास लिहायचा झाला तर त्याची बरीच पानं या दोन परिषदांच्या खंडांतूनच उचलावी लागतील.

इतर विज्ञानांशी परिचय असलेल्याला हे जरा चमत्कारिक वाटेल. वैद्यक किंवा रसायनशास्त्रात परिषद म्हणजे भेटीगाठींची जागा, खरं प्रकाशन नियतकालिकात. संगणकशास्त्रात रिवाज उलटा पडला. इथे परिषदेसाठीच निबंध पाठवायचा, ठरलेल्या तारखेच्या आत. तज्ज्ञांची समिती तो वाचते, बाहेरच्या जाणकारांचं मत घेते, काही महिन्यांत निवड जाहीर होते. निवडलेले निबंध खंडरूपाने छापले जातात, आणि प्रत्येक निबंधाच्या लेखकांपैकी एकाने उभं राहून तो वीस-पंचवीस मिनिटांत सांगायचा. पूर्ण तपशिलासह नियतकालिकात तो यथावकाश येतो, कधी दोन-चार वर्षांनी.

या रिवाजावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. काही आठवड्यांत पन्नास पानांच्या सिद्धतेची ओळ न् ओळ कोण तपासणार? घाईत चुका निसटतात. तरीही मला हा रिवाज योग्य वाटतो. या विषयाला लागतं काय? कागद, पेन्सिल, आणि चूक दाखवणारा दुसरा माणूस. पैकी तिसरी गोष्ट मिळणं सगळ्यात कठीण, आणि परिषद तीच पुरवते. लास्लो बाबाई यांचं उदाहरण घ्या. दोन वेगवेगळी दिसणारी जाळी, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, मुळात एकच आहेत का हे ओळखण्याची आधीपेक्षा कितीतरी वेगवान रीत त्यांनी शोधली आणि 2016 च्या स्टॉकमध्ये सांगितली. जानेवारी 2017 मध्ये हॅरल्ड हेल्फगॉट या गणितज्ञाला त्यात एक चूक सापडली. बाबाईंनी ती उघडपणे मान्य केली, आपला दावा तेवढा खाली आणला, आणि काही दिवसांतच दुरुस्ती करून तो परत उभा केला. याला मी या विषयाची तब्येत ठणठणीत असल्याचं लक्षण मानतो.

स्टॉकच्या 1984 च्या खंडात मराठी वाचक थबकेल असं एक आडनाव आहे. नरेंद्र करमरकर. आयआयटी मुंबईतून बी.टेक. करून, बर्कलीला डॉक्टरेट घेऊन ते बेल लॅब्जमध्ये काम करत होते. त्यांचा विषय होता लिनिअर प्रोग्रॅमिंग. एखाद्या शेतकऱ्यापाशी ठरावीक जमीन, ठरावीक पाणी, ठरावीक मजूर. ऊस किती लावावा, सोयाबीन किती, भाजीपाला किती, म्हणजे उत्पन्न जास्तीत जास्त येईल? पिकं तीन आणि अटी चार असतील तर वहीत सुटतं. विमान कंपनीपाशी असे चल हजारोंनी असतात.

अटींच्या आत बसणारे सगळे पर्याय मिळून एक कोनाकोनांची घन आकृती बनते, आणि सर्वांत चांगलं उत्तर तिच्या कुठल्या तरी कोपऱ्यावर असतं. 1947 साली जॉर्ज डँझिग यांनी दिलेली रीत कडेकडेने चालते. किल्ल्याच्या तटावरून एका बुरुजावरून पुढच्या बुरुजावर जावं, प्रत्येक पावलाला थोडं उंच चढावं, आणि याहून उंच बुरूज शेजारी उरला नाही की थांबावं, तशी. व्यवहारात ही रीत उत्तम चालते, आजही चालते. पण बुरूज किती? घनाला आठ कोपरे. त्याचीच दहा मितींतली आवृत्ती घेतली तर 1,024. पन्नास मितींत अकरा कोटी गुणिले एक कोटी, त्याहूनही थोडे जास्त. 1972 साली क्ली आणि मिंटी यांनी मुद्दाम वाकडा केलेला असा एक किल्ला रचून दाखवला, की डँझिगची रीत त्यात एकही बुरूज न वगळता सगळे फिरून येते. पुढे 1979 मध्ये सोव्हिएत गणितज्ञ लिओनिद खाचियान यांनी, वाईटातल्या वाईट किल्ल्यातही आटोक्यात राहणारी पहिली रीत दिली. पण प्रत्यक्ष गणितं करायला ती फार मंद होती.

करमरकरांनी तट सोडला आणि किल्ल्याच्या आतून वाट काढली. जिथे उभे आहोत तो बिंदू मध्यावर येईल अशा बेताने आकृतीच ताणून बदलायची, त्या बदललेल्या आकृतीत एक मोठं पाऊल टाकायचं, परत ताणायची, परत पाऊल. पावलांची संख्या आटोक्यात राहते याची सिद्धता होतीच, शिवाय व्यवहारात टिकेल असा वेगही होता. 1984 च्या नोव्हेंबरात न्यू यॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. पुढे बेल लॅब्जने या रीतीचं पेटंट घेतलं आणि गणिताचं पेटंट घ्यावं का यावर कडाक्याचे वाद झाले. तो सगळा तपशील वेगळ्या लेखाचा. मात्र ‘आतून’ जाणाऱ्या रीतींचं जे मोठं दालन त्या निबंधाने उघडलं, त्यातल्या रीती आज अशी गणितं सोडवणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये डँझिगच्या रीतीच्या शेजारी बसलेल्या असतात.

करमरकर बेल लॅब्जमध्ये होते, म्हणून वॉशिंग्टनला भरलेली 1984 ची स्टॉक त्यांना जवळ होती. त्या काळात भारतात बसून याच विषयावर काम करणाऱ्याचं काय? अर्नेट हे देशांतर्गत शैक्षणिक संगणक-जाळं 1986 साली सुरू झालं, म्हणजे त्याआधी ईमेल नाही. परकीय चलन मोजून मापून मिळायचं. कागद-पेन्सिल होती, हुशार माणसंही होती, पण ती मुंबईत टीआयएफआरमध्ये दोन, कानपूरला चार, मद्रासला तीन अशी विखुरलेली. आपण करतोय ते बरोबर आहे का, आणि कोणी आधीच केलेलं तर नाही ना, हे विचारायचं कोणाला?

डिसेंबर 1981 मध्ये बंगळूरला जी परिषद सुरू झाली तिचं मोल मला इथे दिसतं. नाव लांबलचक: ‘फाउंडेशन्स ऑफ सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी अँड थिअरेटिकल कम्प्युटर सायन्स’. आद्याक्षरांनी एफएसटीटीसीएस. युरोपातली याच विषयाची प्रसिद्ध ‘स्टॅक्स’ परिषद 1984 ची, म्हणजे आपली तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. तेव्हापासून एकही डिसेंबर चुकलेला नाही. 1984 पासून तिचे खंड जर्मनीच्या स्प्रिंगर प्रकाशनाच्या सुप्रसिद्ध मालिकेत निघू लागले आणि जगभरच्या ग्रंथालयांत जाऊन बसले. आज इंडियन असोसिएशन फॉर रिसर्च इन कम्प्युटिंग सायन्स ही संस्था तिचं आयोजन पाहते. डिसेंबर हा महिनाही सोयीचा आहे. अमेरिका-युरोपातल्या विद्यापीठांना नाताळची सुटी असते, तिथे शिकणारे-शिकवणारे आपले लोक घरी येतात, आणि परदेशी पाहुण्यांनाही आपल्याकडची थंडी मानवते.

महाराष्ट्राशी तिचं नातं जुनं आहे. 1987 आणि 1988 अशी सलग दोन वर्षं ती पुण्यात भरली. त्या खंडांचं संपादन करणारे केशव नोरी पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये होते. त्याआधी झुरिकला निक्लाउस विर्थ यांच्या गटात, पास्कल भाषेचा एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर सहज नेता येणारा कम्पायलर घडवणाऱ्यांपैकी ते एक. मुंबईत ती 1993, 2003, 2011 आणि 2019 साली झाली. 2020 ची गोव्याला, बिट्स पिलानीच्या आवारात ठरली होती, पण महासाथीमुळे सगळी व्याख्यानं पडद्यावरच झाली.

2002 सालची परिषद आयआयटी कानपूरला होती. ते वर्ष कानपूरचंच होतं. त्या ऑगस्टमध्ये तिथले मणींद्र अग्रवाल आणि नुकतेच बी.टेक. झालेले नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी नऊ पानांचा एक निबंध जगभरच्या तज्ज्ञांना पाठवला. प्रश्न शाळेतल्या मुलालाही कळावा असा: दिलेली संख्या मूळ संख्या आहे का? वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या संख्यांनी भागून पाहायचं म्हटलं, तर शंभर अंकी संख्येला एकावर पन्नास शून्यं इतक्या वेळा भागावं लागेल. सेकंदाला शंभर कोटी भागाकार करणाऱ्या यंत्रालाही विश्वाचं सध्याचं वय पुरणार नाही. त्याआधी झटपट रीती होत्या, पण कशात चुकण्याची सूक्ष्म शक्यता उरे, तर कशात सिद्ध न झालेल्या अटकळीचा टेकू लागे. झटपट, टेकूशिवाय, आणि चुकीला जागाच नाही, अशी पहिली रीत कानपूरची.

तिचं बीज आपल्या ओळखीचं आहे. पिंगलाच्या छंदशास्त्रावरच्या हलायुधाच्या टीकेत येणारा मेरुप्रस्तार आठवा: माथ्यावर एकटा 1, आणि खाली प्रत्येक संख्या म्हणजे वरच्या दोघींची बेरीज. माथ्याच्या ओळीला शून्यावी धरली तर पाचवी ओळ येते 1, 5, 10, 10, 5, 1. कडेचे एक सोडले तर सगळ्यांना 5 ने भाग जातो. सहावी: 1, 6, 15, 20, 15, 6, 1. इथे 15 ला 6 ने भाग जात नाही, 20 लाही नाही. सातवीत 7, 21, 35, परत सगळ्यांना 7 ने भाग जातो. ओळीचा क्रमांक मूळ संख्या असेल तर मधल्या सर्व संख्यांना त्याने भाग जातो, नसेल तर एखादी तरी अडतेच. कसोटी अचूक आहे, पण शंभर अंकी क्रमांकाची ओळ लिहायची कशी? ती तर वर्गमुळापर्यंतच्या भागाकारांहूनही लांब.

तोड अशी. नऊवारी घडी घालून ठेवावी तशी ती ओळ छोट्या मापाच्या घड्यांत दुमडायची आणि एकावर एक आलेल्या संख्यांची बेरीज करून तपासायचं. पूर्ण ओळ कधी लिहायचीच नाही, दुमडलेली थेट काढायची. दुमडल्यावर खोटं उघडं पडेलच याची खात्री काय? 1999 च्या फॉक्स परिषदेत अग्रवाल आणि त्यांचे सहकारी सोमनाथ बिस्वास यांनी दाखवलं होतं, की दुमडण्याची पद्धत यदृच्छेने निवडली तर खोटं बहुतेक वेळा उघडं पडतं. त्या ‘बहुतेक’चं ‘नेहमी’ करायला तीन वर्षं लागली. आधीच्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांनी बी.टेक.च्या प्रकल्पात थोडी वाट कापली, कयाल-सक्सेना यांनी ती पुढे नेली, आणि शेवटी सिद्ध झालं की ठरावीक, आटोक्यातल्या काही घड्या तपासल्या तरी पुरतं. 2004 साली तो निबंध ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये आला, 2006 साली त्याला गोडेल पारितोषिक मिळालं.

रोजच्या कामात अजूनही जुन्या यदृच्छ रीतीच वापरतात, कारण त्या जास्त वेगवान आहेत. कानपूरच्या निकालाची किंमत त्यावरून करू नये. ‘हे होऊ शकतं’ एवढंच जाणून घेण्याचा तो प्रश्न होता, आणि ते आता माणसाला माहीत आहे. हा निकाल काही त्या डिसेंबरच्या परिषदेत जाहीर झाला नव्हता, पण तिच्या खंडाचे संपादक अग्रवाल आणि अनिल सेठ होते. पडद्यावर झालेल्या 2020 च्या परिषदेचं संपादन करणाऱ्यांत नितीन सक्सेना होते. अठरा वर्षांत विद्यार्थी दुसऱ्यांचे निबंध पारखणारा झाला.

निबंधावर नावं अग्रवाल, कयाल, सक्सेना अशी येतात, कारण या विषयात लेखकांची नावं वर्णानुक्रमाने लावतात. इतर विज्ञानांत पहिलं नाव कोणाचं आणि शेवटचं कोणाचं यावर रुसवेफुगवे होतात. इथे प्राध्यापक आणि विद्यार्थी आडनावाच्या पहिल्या अक्षरावर उभे राहतात. मला ही प्रथा फार आवडते.

परिषदेच्या नावाचा पहिला अर्धा भाग मात्र विसरून चालणार नाही. सॉफ्टवेअरचा पाया. लिफ्टचं उदाहरण घेऊ. तिच्याकडून दोन प्रकारची हमी हवी: चालू असताना दार कधीही उघडणार नाही, आणि कुठल्याही मजल्यावरून बटण दाबलं तर ती कधी ना कधी येईलच. ‘कधीही नाही’ आणि ‘कधी ना कधी’ या शब्दांचं काटेकोर तर्कशास्त्र ॲमिर प्नुएली यांनी 1977 च्या फॉक्समध्ये प्रोग्रॅमना लावून दाखवलं. नुसती चाचणी घेऊन अशी हमी मिळत नाही, हजार वेळा नीट चाललेली लिफ्ट एक हजार एकाव्या वेळी अडू शकते. ती सिद्धच करावी लागते. रेल्वेचे सिग्नल, विमानाची यंत्रणा, प्रोसेसरच्या चिपा यांच्यासाठी हे काम होतं, आणि चेन्नई-मुंबईतल्या संशोधकांनी त्यात मोलाची भर घातली आहे. एफएसटीटीसीएसमध्ये अल्गोरिदमवाले आणि तर्कशास्त्रवाले एकाच छपराखाली बसतात. अनेक देशांत या दोन बिरादऱ्यांची तोंडं वेगळ्या दिशांना असतात.

मुख्य परिषद साधारण तीन दिवसांची, मागेपुढे कार्यशाळा. सकाळी निमंत्रित पाहुण्याचं तासाभराचं व्याख्यान, मग निवडलेले निबंध. वीस मिनिटांत सिद्धता सांगता येत नाही, सांगूही नये. प्रश्न कुठून आला, लोक कुठे अडले होते, आणि आपल्याला कुठली फट दिसली, एवढं सांगायचं. डॉक्टरेटच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलगी तिथे उभी असते आणि समोरच्या रांगेत जिच्या पुस्तकावर ती शिकली ती व्यक्ती बसलेली असू शकते. शेवटी प्रश्न येतो: ही अट काढून टाकली तर? पुढचं संशोधन पुष्कळदा तिथून, चहाच्या वेळी, कागदाच्या चिठोऱ्यावर सुरू होतं.

आपल्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात ‘थिअरी ऑफ कम्प्युटेशन’ नावाचा पेपर असतो. तो कसाबसा सोडवून विसरायचा विषय म्हणून हजारो मुलं त्याकडे बघतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याच पेपरातल्या प्रश्नांची जिवंत बाजू दर डिसेंबरात आपल्याच देशात दिसते, कधी पवईला, कधी कानपूरला.

तिथवर जाणं जमलं नाही तरी वाचता येतं. 2008 पासून या परिषदेचे खंड जर्मनीतल्या श्लॉस डागस्टूल या संस्थेच्या मालिकेत निघतात. त्या मालिकेचा पहिला खंड स्टॅक्सचा, दुसरा आपला. ते सगळ्यांना मोफत खुले आहेत, आणि हक्क लेखकांकडेच राहतात. कोल्हापूरच्या किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याला कुठल्याही ग्रंथालयाचं कार्ड लागत नाही. कुठलाही एक निबंध उघडावा आणि फक्त पहिली दोन-तीन पानं, प्रस्तावना, वाचावी. या विषयातले लेखक प्रस्तावनेवर खूप मेहनत घेतात: प्रश्न काय, आधी कोणी काय केलं, अडचण कुठे होती. चिन्हांची दाटी त्यानंतर सुरू होते, ती पहिल्या वाचनात सोडून द्यावी. शेवटच्या पानाच्या आसपास बहुधा एक छोटा परिच्छेद असतो, अजून न सुटलेल्या प्रश्नांचा. तो मात्र सोडू नये.